तार कापलेला फोन

२००४च्या ऑक्टोबरमधल्या शेवटच्या सोमवारी, अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या एका शाळेत, चौथीच्या वर्गात माझ्या मुलीने पहिल्यांदा आपणहून हात वर केला आणि एक माहिती सांगितली. माहिती चुकीची होती. तिला ती मी दिली होती.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. जुलैमध्ये आम्ही तिघं नागपूरहून तिथे राहायला आलो होतो. बायकोला रेडमंडमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली होती. मी आणि मुलगी तिच्या व्हिसावर होतो. नागपुरात मी एका मराठी दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक होतो. इथे मला नोकरी करायची परवानगी नव्हती. बायको सकाळी साडेसातला गाडी काढायची, मुलगी साडेआठच्या बसने जायची. स्वयंपाक, कपडे, वाणसामान आणि शाळेतून येणारे कागद माझ्याकडे होते.

मुलगी नागपुरात इंग्रजी माध्यमातच शिकत होती. वाचण्या-लिहिण्याची अडचण नव्हती. घरी तोंड मिटत नव्हतं. वर्गात मात्र तिचं बोलणं थांबलं होतं. दर सोमवारी सकाळी वर्ग सतरंजीवर गोल करून बसायचा आणि प्रत्येक मूल शनिवार-रविवारचं काहीतरी सांगायचं. ज्याला सांगायचं नसेल त्याने ‘पास’ म्हणायचं, अशी सवलत होती. मुलगी सलग सहा सोमवार ‘पास’ म्हणाली होती. शिक्षिकेने शाळेच्या फोल्डरमधून कळवलं होतं की मुलगी लक्ष देऊन ऐकते, काम वेळेवर करते, अजून बोलत नाही आणि पालकांनी घाई करू नये.

आम्ही घाई करत नव्हतो. पण सोमवारी दुपारी बस यायच्या वेळेला मी दहा मिनिटं आधी खाली जाऊन उभा राहू लागलो होतो.

मुलांच्या सोमवारच्या गप्पांत एका कार्टून मालिकेचा विषय नेहमी निघायचा. एका कुटुंबाची मालिका, दर रविवारी संध्याकाळी आठला. केलेली मोठ्यांसाठी, पण चौथीतली बहुतेक मुलं ती बघायची. वर्षातून एकदा, हॅलोविनच्या सुमारास, तिचा भुताखेतांचा खास भाग असायचा आणि त्यात गाजलेल्या सिनेमांची, जाहिरातींची, टीव्हीवरच्या माणसांची नक्कल करून टर उडवलेली असायची. तो भाग त्या रविवारी होता.

‘‘आपण बघायचाच,’’ मुलीने शुक्रवारी जाहीर केलं. ‘‘एव्हरीबडी बघणार आहे.’’

‘‘भुताचं आहे. मग बाथरूमला एकटी जाशील का?’’ बायकोने विचारलं.

‘‘फनी भूत असतं, आई. स्केअरी नसतं.’’

मग ती माझ्याकडे वळली. ‘‘पण बाबा, मला नुसतं बघून कळत नाही. सगळे हसतात ना, तर मी लास्टला हसते. त्यांना माहीत असतं ते कशाचं आहे. तुम्ही माझ्याबरोबर बसा आणि सांगा.’’

मी हो म्हटलं. अमेरिकन सिनेमांची माझी माहिती नागपूरला इंग्रजी सिनेमे लावणाऱ्या एका थिएटरपुरती होती, आणि तिथेही बहुतेक मारामारीचे सिनेमे लागत.

रविवारी आम्ही तिघं सोफ्यावर बसलो. मी वही घेतली होती. हातात वही नसेल तर मला टीव्ही बघताना चुकल्यासारखं वाटतं. अर्ध्या तासात कशाची तरी नक्कल चालली आहे हे स्पष्ट दिसत होतं अशा अकरा जागा मी टिपल्या. चित्राचा रंग बदलायचा, माणसं एकदम वेगळ्या आवाजात बोलायची, संगीत उगाच भारी व्हायचं. त्यावरून ओळखू यायचं.

‘‘हे कशाचं?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘आणि हे?’’

‘‘कुठल्यातरी युद्धाच्या सिनेमाचं असावं.’’

‘‘कुठल्या?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘आई?’’

‘‘मला विचारू नकोस, मी कोडिंग करते,’’ बायको म्हणाली.

एक मोबाइल फोनची जाहिरात तेवढी तिघांनीही ओळखली. ती रोज दहा वेळा लागायची.

मग शेवटची गोष्ट आली. रिकामं घर. जिन्याखाली काळा फोन. फोनची तार कापलेली, तिचं टोक जमिनीवर लोंबतं. आणि फोन वाजतो. कार्टूनमधला बाप रिसीव्हर उचलतो आणि पलीकडून पिझ्झावाला विचारतो की मशरूम घालायचे का.

मी सोफ्यावरून उठलो. ‘‘अगं, हे तर आपलं आहे!’’

‘‘काय आपलं?’’

मी सांगितलं. सातवीत असताना नागपूरला रविवारी सकाळच्या खेळाला मी एक हिंदी भयपट पाहिला होता. सोबत माझा मोठा आतेभाऊ होता. त्यात हाच जिना होता, जिन्याखाली हाच फोन होता आणि तशीच कापलेली तार. म्हातारा नोकर ती तार हातात धरून मालकिणीला दाखवतो, आणि त्याच्या मागे फोन वाजायला लागतो. थिएटरमध्ये पुढच्या रांगेतल्या एका बाईने चप्पल पडद्याकडे फेकली होती. मला तो प्रसंग आजही चित्रागणिक आठवतो.

‘‘म्हणजे ह्यांनी इंडियन मूव्हीची कॉपी केली?’’ मुलीने विचारलं.

‘‘नक्कल केली. मजेसाठी.’’

‘‘नक्की ना, बाबा?’’

‘‘शंभर टक्के.’’

वृत्तपत्रात असताना एकाच सूत्राची बातमी मी कधी खाली छपाईला सोडली नव्हती. बातमीदार कितीही ओळखीचा असला तरी दुसरीकडून खात्री करायला सांगायचो. त्या रविवारी सूत्र एकच होतं, ते बावीस वर्षं जुनं होतं आणि ते मीच होतो. मी कुठेही विचारलं नाही.

सोमवारी बस आली. मुलगी उतरली आणि मला ओलांडून पुढे चालायला लागली. पाऊस भुरभुरत होता. तिने जॅकेटची टोपी वर घेतली नव्हती. घरात आल्यावर तिने डबा ओट्यावर ठेवला. पोळीचा रोल तसाच होता. फोल्डर टेबलावर टाकून ती खोलीत गेली.

फोल्डरमध्ये शिक्षिकेची चिठ्ठी होती. तीन उद्गारचिन्हं होती. तुमची मुलगी आज वर्गात बोलली, असं त्यात लिहिलं होतं.

मी चिठ्ठी घेऊन खोलीत गेलो. ‘‘अगं, बोललीस तू!’’

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. ‘‘हो.’’

‘‘मग?’’

‘‘मी म्हटलं तो फोन इंडियन मूव्हीमधून घेतलाय. मग एक मुलगी म्हणाली, नो, दॅट्स फ्रॉम ॲन ओल्ड अमेरिकन मूव्ही, माझ्या ग्रँडपाकडे टेप आहे. यू गाइज कॉपीड अस. सगळे हसले.’’

‘‘तू काय म्हणालीस?’’

‘‘मी म्हटलं, माझे बाबा न्यूजपेपरमध्ये होते.’’

थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘नेक्स्ट मंडे मी पास म्हणणार. त्याच्या नेक्स्ट मंडेलापण.’’

मी तिच्या पलंगाच्या कडेला बसून राहिलो. तिने मला जा म्हटलं नाही.

बायको सात वाजता आली. सगळं ऐकून तिने बॅग खाली ठेवली आणि बूट काढता काढता म्हणाली, ‘‘सोड ना यार. मुलं आहेत, उद्या विसरतील.’’

‘‘ती मुलं विसरतील.’’

बायको थांबली. ‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘आपली नाही विसरणार.’’ मग एका पायात बूट तसाच ठेवून ती खोलीत गेली. दोघींचं आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

मंगळवारी मी चौकशी सुरू केली. आमच्या अपार्टमेंटपासून चार गल्ल्यांवर एक निवृत्त डॉक्टर राहत होते. मूळचे अमरावतीचे. एकोणसत्तर साली अमेरिकेत आले होते. गणपतीला ओळख झाली होती आणि आम्ही त्यांना काका-काकू म्हणत होतो. मी फोन केला आणि प्रसंग सांगितला.

‘‘जिन्याखाली फोन? तार कापलेली?’’ काका म्हणाले. ‘‘अहो, तुमचा तो हिंदी पिक्चर कधीचा?’’

‘‘ब्याऐंशीचा.’’

‘‘मग तुमचं कल्याण झालं. हा फोनवाला अमेरिकन पिक्चर मी पाहिला तेव्हा ओहायोत नवीन होतो. ड्राइव्ह-इनमध्ये, गाडीत बसून, हीटर लावून. आणि तेव्हासुद्धा तो जुनाच पिक्चर म्हणून लावला होता. ब्लॅक अँड व्हाइट. तुमच्या काकू तर सीटखाली जाऊन बसल्या.’’

मागून काकूंचा आवाज आला. ‘‘सीटखाली मी नव्हते. सीटखाली कोण होतं ते सांगू का त्याला?’’

‘‘सांगू नकोस,’’ काका म्हणाले.

काकांनी सिनेमाचं नाव सांगितलं, पण शेवटच्या शब्दाबद्दल त्यांना खात्री नव्हती. मी छत्री घेऊन वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर शोधून टेप काढून दिली. टेपच्या पाठीवर साल छापलेलं होतं. हिंदी सिनेमापेक्षा तो तेहतीस वर्षांनी जुना होता. मी तिथल्याच टीव्हीवर, कानाला हेडफोन लावून, तो पाहिला. प्रसंग एकावन्नाव्या मिनिटाला आला. जिना तसाच, फोन तिथेच, जमिनीवरच्या तारेचं वळणसुद्धा तेच. पडद्याची झालरसुद्धा हिंदीत उचललेली होती. म्हातारा नोकर मात्र मुळात नव्हता.

वर्गातल्या त्या मुलीचं म्हणणं बरोबर होतं.

बुधवारी बायकोने ऑफिसमधून येताना इंडियन ग्रोसरीत गाडी थांबवली. तिथे तांदळाच्या पोत्यांच्या वर एका फळीवर भाड्याने द्यायच्या हिंदी टेप असायच्या. माझा भयपट तिला सगळ्यात खालच्या थरात सापडला. डब्यावर दुसऱ्याच सिनेमाचं चित्र होतं.

गुरुवारी दुपारी मी मुलीला दोन्ही टेप दाखवल्या आणि सांगितलं, ‘‘मी चुकलो. ती मुलगी बरोबर आहे.’’

‘‘मला माहितीय,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही मंगळवारी लायब्ररीत गेला होता ना? काकूंनी फोनवर सांगितलं.’’

‘‘तुला बघायचंय?’’

तिने खांदे उडवले. मग बसली. आधी अमेरिकन टेप लावली. फोनच्या जागेपर्यंत पोहोचलो तेव्हा ती सोफ्यावर पुढे सरकून वाट बघत होती, आणि घंटी वाजल्याबरोबर पिझ्झावाल्याच्या आवाजात ‘‘मशरूम?’’ म्हणून स्वतःच हसली. पडद्यावरच्या बाईने रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून कोणी काही बोललं नाही. बराच वेळ बोललं नाही. मुलीचं हसणं थांबलं. तिने माझ्या स्वेटरची बाही धरली आणि सीन संपेपर्यंत सोडली नाही.

‘‘हे फनी नाहीये,’’ ती म्हणाली.

‘‘नाही.’’

‘‘मग त्यांनी फनी का केलं?’’

‘‘भीती वाटली होती म्हणून असेल.’’

ही माझी अटकळ होती आणि मी तिला तसं सांगितलं. चौकशी केलेली गोष्ट आणि अटकळ, यातला फरक त्या आठवड्यात मी तिला दोनदा सांगितला.

मग हिंदी टेप. म्हातारा नोकर तार हातात धरून दाखवायला लागला तशी तिला हसू आलं. फोन वाजला, मालकीण किंचाळली, आणि पुढच्याच क्षणी ती बर्फाच्या डोंगरावर पातळ साडीत गाणं म्हणत होती. हे मी पूर्ण विसरलो होतो.

‘‘बाबा! फोनचं काय झालं?’’

‘‘गाण्यानंतर येईल.’’

‘‘कोणी उचललाच नाही! तो वाजतोय अजून!’’ ती सोफ्यावर आडवी पडून हसत होती. ‘‘हिला थंडी नाही वाजत?’’

शुक्रवारी मी तिला दैनिकातली पद्धत सांगितली. चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्ती छापतात. छोटी. चुकीपेक्षा दुरुस्ती लांब करायची नाही. सबबी द्यायच्या नाहीत. बरोबर काय आहे ते सांगून थांबायचं.

‘‘आणि मग लोक काय म्हणतात?’’

‘‘बहुतेक कोणी वाचत नाही.’’

‘‘मग कशाला छापतात?’’

‘‘चूक आपली असते म्हणून.’’

ती काही वेळ पेन्सिलीचं टोक खात बसली. ‘‘तुम्ही लिहा,’’ ती म्हणाली. ‘‘मी म्हणणार नाहीये. फक्त लिहा.’’

मी मराठीत चार वाक्यं लिहिली. सोमवारी दिलेली माहिती चुकीची होती. ते दृश्य मूळ एका जुन्या अमेरिकन चित्रपटातलं असून हिंदी चित्रपटाने ते तिथून घेतलं. वर्गातल्या विद्यार्थिनीने केलेली सूचना योग्य होती. चूक माहिती देणाऱ्याची आहे, सांगणाऱ्या मुलीची नाही.

तिने कागद घेतला आणि खाली इंग्रजी करायला लागली. पहिली दोन वाक्यं झाली. तिसऱ्यापाशी अडली. ‘‘विद्यार्थिनी म्हणजे स्टुडंट? असं कोणी बोलतं का? मी तिचं नाव लिहिते.’’ नाव लिहिलं. मग चौथं वाक्य दोनदा वाचलं आणि पेन्सिलीने आडवी रेघ मारली.

‘‘ते राहू दे,’’ मी म्हटलं. ‘‘ते खरं आहे.’’

‘‘नको.’’

‘‘का?’’

‘‘हात मी वर केला होता.’’

अकरा वर्षांत माझ्या हाताखाली पाच-सहा उपसंपादक तयार झाले. दुरुस्तीतलं वाक्य कापताना त्यांतल्या कोणी कारण इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

कापलेल्या वाक्याच्या जागी तिने स्वतःचं एक घातलं. ते मला दाखवलं नाही. कागदाची घडी करून तिने तो जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला.

रविवारी हॅलोविन होतं. वेशाच्या वरून पोपटी रेनकोट घालून ती आईबरोबर अपार्टमेंटच्या दारोदार चॉकलेट मागायला गेली. मी दारात वाटी घेऊन बसलो होतो. परत आल्यावर बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

‘‘दोन बिल्डिंगच्या मधे ती पुटपुटत होती,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘मी विचारलं काय गं, तर म्हणाली काही नाही.’’

‘‘म्हणेल उद्या?’’

‘‘मला काय माहीत. तू विचारू नकोस.’’

मी विचारलं नाही. सोमवारी सकाळी बस आली, ती चढली. कागद खिशात होता की नव्हता हे मी पाहिलं नव्हतं.

मी वर्गात नव्हतो. पुढचं आहे ते मुलीने संध्याकाळी सांगितलेलं आणि शिक्षिकेने मंगळवारी फोनवर सांगितलेलं. दोन्ही जुळतं.

गोल फिरत तिची पाळी आली तेव्हा ती काही बोलली नाही. ‘पास’ही म्हणाली नाही. शिक्षिकेने दहापर्यंत मनात मोजलं. मग मुलीने खिशातून कागद काढला आणि बसूनच वाचला. दुरुस्ती वाचून झाली. शेवटचं वाक्य तिचं होतं: इंडियन मूव्हीमध्ये फोन वाजत असताना सगळे बर्फात जाऊन गाणं म्हणतात आणि मग परत येऊन फोन उचलतात. वर्ग हसला. एका मुलाने विचारलं, फोन तेवढा वेळ वाजतच राहतो का. ती म्हणाली, हो. दुसऱ्या कोणीतरी विचारलं, गाणं किती मोठं आहे. ती म्हणाली, पाच मिनिटं, मी मोजलंय. तिने मोजलं होतं हे मला माहीत नव्हतं.

जिने आधीच्या सोमवारी चूक दाखवली होती ती मुलगी म्हणाली की तिला ते बघायचं आहे.

‘‘देऊ का, बाबा? आपली नाहीये टेप, पण ती परत देईल.’’

मी ग्रोसरीवाल्याला फोन करून टेप आणखी एक आठवडा ठेवत असल्याचं कळवलं. मंगळवारी मुलगी ती दप्तरातून घेऊन गेली. डब्यावर तिने चिकटपट्टीने एक कागद लावला होता आणि त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की चित्र वेगळ्या सिनेमाचं आहे, आत बरोबर टेप आहे.

शुक्रवारी टेप परत आली. त्यांनी ती मागे गुंडाळली नव्हती. मी मशीनमध्ये घालून चालू केली, तेव्हा ती गाण्याच्या शेवटी, फोन उचलण्याच्या थोडी आधी थांबलेली होती.